नमुना नऊ

आमच्या यंत्राला बिडी ओढता येते.
मिनिटाला दोन झुरके, मोजून मापून,
न खोकता, न थुंकता,
पारावर कुणाची वाट न बघता.
मी फक्त पेटवून देते.
बेळगावात, तिसऱ्या मजल्यावर, काचेमागे
धूर नळीतून उतरतो
ताटलीतल्या पेशींवर.
फुप्फुस माणसाचं,
माणूस कुठं आहे ते बाटलीवर लिहिलेलं नाही.

चोवीस तासांनी मोजायचं, किती उरल्या.
नुसत्या धुरात शंभरातल्या एकेचाळीस.
आधी अडुळशाचा अर्क पाजला, तर त्रेसष्ट.
हळदीतला पिवळा एकटाच घातला
तर कधी चढतो, कधी पडतो,
भरवशाचा नाही.
हिरेमठ मॅडम म्हणतात, नाचू नका,
ताटलीला बरगड्या नसतात.
आणि अहवालात प्रत्येक वाक्याच्या दारात
एक शब्द बसवतात राखणीला:
कदाचित.

शनिवारी चारची एसटी.
तवंदीचा घाट उतरला
की डोळे मिटले तरी निपाणी कळते.
आई एकतीस वर्षं वखारीत चाळण हलवायची.
बिडी तिनं कधी ओठाला लावली नाही.
नाकाला पदर बांधायची;
संध्याकाळी तो अंगणात झटकला
की कोंबड्या शिंकायच्या.
मुकादमाच्या वहीत ती होती
‘चाळण सहा’.

तिला त्रेसष्टाचं सांगितलं.
“अडुळसा? त्यो तर आपल्या कुपाटीला हाय की.
शेरडंबी तोंड लावत न्हाईत त्येला.”
“आडुसोगे,” कुपाटीपलीकडून गुरव्वा म्हणाली,
मांडीवरच्या सुपात बिड्या वळता वळता,
डाव्या हातानं दोरा ओढत.
पान दोन्ही नावांना सारखंच कडू.

“मग बरं हुतंय का त्येनं?”
“कदाचित.”
“कदाचित म्हंजी किती?”

ताटलीवर मला आकडा सांगता येतो.
चुलीपुढं बसलेल्या बाईला
तो सांगता येत नाही.
म्हटलं, अजून ठाऊक न्हाई, आई.
आणि झालेलं भरून येतं असं कुणीच म्हणत न्हाई.
धुराच्या आधी पाजला तर.
आधी.

त्या शब्दावर ती थांबली.
आधी म्हणजे तिच्या बाबतीत
तेरा वर्षांची, परकरात,
बापाचं बोट धरून वखारीच्या दारात.
मग खोकून घेतलं सावकाश,
जसं कुणी घर झाडून घेतं
पाव्हण्यासमोर, ओशाळून.

रविवारी पहाटे पाला तोडला तिनंच.
माझा हात लावू दिला नाही.
धुतलेल्या फडक्यात बांधून म्हणाली,
“तुझ्या त्या ताटलीतल्यांना पाज.
माझ्या पोटात काढा हाय रोजचा,
मला काय हुत न्हाई.”

सोमवारी मॅडमनी गाठोडं सोडलं, वास घेतला,
एक पान उजेडात धरलं.
“यात तंबाखू आहे.”
फडक्यात होती, की पानांच्या शिरांत,
की कुपाटीवर झटकलेल्या इतक्या संध्याकाळींची,
कोण सांगणार?
नमुना शुद्ध हवा.
चूक त्यांची नव्हती.
पाला इथल्याच बागेतला आणा म्हणाल्या,
जिथं वखारी नाहीत.

नोंद मात्र करावीच लागते.
नमुना नऊ. अडुळसा, ओला, सव्वादोनशे ग्रॅम.
ठिकाण: निपाणी, घराचं कुंपण.
तोडणार: तायव्वा भैरू घस्ती.
नाव रकान्यात मावेना,
शेवटची दोन अक्षरं समासात गेली.
शेरा: बाद.

यंत्राची वेळ झाली होती.
नवं बंडल काढलं, दोरा सोडवायला गेले,
सुटेना.
गाठ उलट्या बाजूनं मारलेली,
डाव्या हाताची.

उलटी ओढली. सुटली.
एक बिडी काढून
पेटवून दिली.